सायकल विमानात घालायची आहे? आधी खोका शोधा!

मागच्या अंकात सायकल ट्रेनने कशी न्यायची ते लिहिलं होतं, त्यावर "ट्रेनचं कळलं, आता विमानाचं सांगा" अशी पत्रं आणि मेसेज इतके आले की यावेळचा सगळा सदराचा कोटा त्यातच गेला. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत. दर विचारलेत बऱ्याच जणांनी, ते इथे देत नाहीये कारण प्रत्येक एअरलाइनचे वेगळे आणि अंक तुमच्या हातात पडेपर्यंत बदललेले असायचे, तुमच्या एअरलाइनच्या साइटवर स्पोर्ट्स इक्विपमेंट म्हणून पान असतं तिथे बघा.

प्रश्न : आम्ही पाच मित्र डिसेंबरमधे पुणे ते कन्याकुमारी सायकलने जाणार आहोत, येताना तिरुअनंतपुरमहून विमानाने यायचा विचार आहे. सायकली सामानात घेतात का? वजन किती चालतं? आणि तिकडे पॅकिंग कोण करून देईल? आमच्यातल्या कोणीच आजवर सायकल खोललेली नाही.
— एक वाचक, सांगली

घेतात. पण "चेक-इन बॅगेसारखी" घेतात असं डोक्यात असेल तर ते काढा. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारण 15 किलो चेक-इन मिळतं, आणि बॅगेचं लांबी अधिक रुंदी अधिक उंची मिळून 158 सेंटीमीटर हे माप नेहमीचं. सायकलचा खोका असतो साधारण 135 बाय 75 बाय 22 च्या आसपास, म्हणजे बेरीज 230 च्या पुढे, त्यामुळे वजनात बसली तरी मापात बसत नाही आणि ती ओव्हरसाइजमधे जाते. काही एअरलाइन त्याचे ठरावीक पैसे घेतात, काही वजनाच्या हिशोबात धरतात, काही दोन्ही घेतात. तिकीट काढल्या काढल्या कस्टमर केअरला फोन करून पीएनआरवर सायकलची नोंद करून घ्या आणि त्याचा ईमेल किंवा मेसेज मागा. तोंडी "हो सर चालेल" याला काउंटरवर काडीची किंमत नाही. पाच जण एकाच फ्लाइटने येताय तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण पाच खोके एकदम आले की जागेचा प्रश्न येतो, आणि मधला टप्पा छोट्या एटीआर विमानाचा असेल (पंखेवालं असतं ते) तर सामानाचा दरवाजाच लहान, तिथे आधी विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका.

आता पॅकिंग. सायकल विमानात मोडत नाही. वर तीस-पस्तीस हजार फुटांवर तिला काही होत नाही, ती मोडते काउंटरपासून विमानापर्यंत आणि विमानापासून बाहेर येईपर्यंत, म्हणजे ट्रॉलीवर चढवताना, उतरवताना, तिच्यावर कोणाची तरी वीस किलोची बॅग ठेवताना. त्यामुळे पॅकिंग करताना एकच विचार करायचा की हा खोका कोणीतरी कमरेच्या उंचीवरून आडवा टाकणार आहे. "फ्रॅजाइल" चे लाल स्टिकर जरूर लावा, बाण काढा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

खोका सायकलच्या दुकानात मिळतो, नवीन सायकली त्यातच येतात, बरेच दुकानदार रद्दीत घालतात म्हणून फुकट किंवा शे-दोनशे रुपयांत देतात. मात्र आयत्या वेळी गेलात तर आदल्या दिवशीच भंगारवाल्याने नेलेले असतात. कन्याकुमारीत शोधत बसू नका, तिथून तिरुअनंतपुरम नव्वदेक किलोमीटर आहे, तिथल्या मोठ्या दोन-तीन दुकानांचे नंबर इथूनच काढा, निघायच्या चार दिवस आधी फोन करून पाच खोके बाजूला ठेवायला सांगा. बरीच दुकानं पैसे घेऊन पॅकिंगही करून देतात आणि तुमच्यातल्या कोणी सायकल खोललेलीच नाही तर तिकडे तेच करा. फक्त पॅकिंग होत असताना शेजारी उभे राहा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण पुण्यात उलट जोडायची आहे ती तुम्हालाच.

शेजारी उभं राहून काय बघायचं ते सांगतो. पेडल काढायची. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, ते माहीत नसलं की लोक जोर लावून लावून आटे मारतात. सोपी खूण म्हणजे सायकल सरळ उभी असताना पाना पेडलवर वरच्या दिशेने धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही बाजूंनी असाच सुटतो. पुढचं चाक काढून फ्रेमच्या बाजूला बांधायचं, मधे पुठ्ठा. चाक काढलं की ते धरणारा पुढचा फोर्क मोकळा राहतो आणि दोन्ही टोकांवर दाब आला की आत वाकतो, म्हणून नवीन सायकलीबरोबर प्लॅस्टिकची एक पट्टी येते ती मधे अडकवायची. पट्टी नसेल तर झाडूच्या दांड्याचा दहा सेंटीमीटरचा तुकडा कापून दोन्ही बाजूंनी स्क्रू मारला की झालं (जुन्या क्विक रिलीजच्या फोर्कचं माप बरोबर 100 मिलिमीटर असतं, आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल असेल तर अ‍ॅक्सलच परत घालून ठेवा). डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी घाला, नाहीतर खोक्यात कुठेतरी ब्रेकचा लिव्हर दाबला जातो, पॅड एकमेकांना चिकटतात आणि पुण्यात उतरल्यावर चाक आत जातच नाही.

सगळ्यात नाजूक म्हणजे मागचं डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवतं ते). ते ज्या हँगरवर बसतं तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून, आणि खोका उजव्या बाजूवर पडला की पहिला तोच वाकतो. 5 ची अ‍ॅलन की घेऊन डिरेलर हँगरवरून सोडवायचं, चेनसकट, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या त्रिकोणात झिपटायने बांधून टाकायचं. दोन मिनिटांचं काम आहे पण नव्वद टक्के लोक करत नाहीत, मग उतरल्यावर गियर कटकट करतात. आणि एक जास्तीचा हँगर जवळ ठेवा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेत कुठल्या गावात मिळणार नाही. चेन पुढच्या मोठ्या चक्रावर चढवून ठेवली की त्याचे दात खोक्यातून बाहेर येत नाहीत.

फ्रेमला गुंडाळायला बबलरॅपपेक्षा एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोमचा पाइप चांगला, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, उभा चिरून फ्रेमवर बसवायचा. सीटपोस्ट काढण्याआधी उंचीवर टेपची खूण करा. हँडल काढून टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या नळीला) समांतर लटकवायचं. शेवटी खोका हलवून बघा, आत काही हललं नाही पाहिजे, हललं तर कपडे कोंबा.

टेपचा रोल सोबत ठेवा. ओव्हरसाइज सामानाचा एक्स-रे वेगळ्या मशीनवर होतो आणि सिक्युरिटीवाल्यांनी खोका उघडायला सांगितला तर तो परत बंद तुम्हालाच करायचा असतो. एअरपोर्टला नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. साध्या टॅक्सीत खोका जात नाही, पाच खोक्यांना छोटा हत्ती ठरवा आणि तुम्ही मागून कॅबने या. पुण्यात उतरल्यावर पट्ट्यावर वाट बघत बसू नका, खोके बाजूच्या दाराने येतात, तिथल्या माणसाला विचारा.

आणि हे सगळं वाचून डोकं फिरलं असेल तर कन्याकुमारी-पुणे एक्सप्रेस आहेच, ब्रेकव्हॅनमधे लगेज म्हणून बुक करा, मागच्या अंकात सगळं आहे. पाच जणांना खरं सांगायचं तर मी तेच सुचवेन, नोकरीवर सोमवारी हजर व्हायचं नसेल तर.

प्रश्न : टायरमधली हवा काढलीच पाहिजे का? आमच्या ग्रुपमधे दोन तट पडलेत. एकजण म्हणतो वर गेल्यावर दाब कमी होतो आणि टायर फुटतो, दुसरा म्हणतो थोतांड आहे.
— ठाण्याहून एक सायकलवाली

दुसऱ्याचं बरोबर आहे पण हवा पहिल्याच्या म्हणण्याप्रमाणे काढा, सांगतो का ते. प्रवासी विमानांत सामानाचा कप्पासुद्धा प्रेशराइज्ड असतो, म्हणजे आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा दाब ठेवलेला असतो, जवळपास हिमालयातल्या एखाद्या हिल स्टेशनइतका. आणि समजा अगदी दाब नसलाच, पूर्ण पोकळी आहे असं धरलं, तरी टायरवरचा फरक वाढून वाढून किती वाढेल तर समुद्रसपाटीचा हवेचा दाब जेवढा असतो तेवढाच, 14.7 पीएसआय. 80 पीएसआयचा टायर 95 सारखा वागेल, एवढंच, आणि चांगल्या टायरला त्याने काही होत नाही.

पण काउंटरवरच्या मुलीला हे गणित शिकवू नका, तिच्या चेकलिस्टवर "टायर डिफ्लेट केले का" असं लिहिलेलं असतं आणि तिला त्यावर टिक करायची असते. दाबून मऊ लागतील इतकी हवा सोडा. पूर्ण नाही हां, पूर्ण काढली तर खोका आपटल्यावर धक्का थेट रिमला बसतो, आणि ट्यूबलेस असेल तर टायर रिमवरून सुटून आतलं सीलंट (पंक्चर बुजवणारं पातळ द्रव्य) सगळीकडे सांडतं, ते वाळल्यावर खरवडत बसायचं.

पंप चेक-इनमधे टाका, अ‍ॅलन की आणि पाने पण, केबिनमधे सिक्युरिटीवाले काढून घेतात. गॅसचे छोटे सिलेंडर येतात ना हवा भरायचे, ते आणू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत एअरलाइनच्या परवानगीने मोजके चालतात, पण आपल्याकडे काउंटरवर तो वाद घालण्यात फ्लाइट जाईल. पंक्चरचं सोल्युशन ज्वलनशील म्हणून चालत नाही, त्याऐवजी चिकट पॅच घ्या. चेनवर मारायचे स्प्रेसुद्धा घरी.

प्रश्न : माझी मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली, तिला माझी ई-सायकल द्यायची आहे. पुढच्या महिन्यात विमानाने जाणार आहे तेव्हा घेऊन जाऊ का? बॅटरी काढता येते, ती हँडबॅगेत ठेवली तर चालेल ना, पॉवर बँक पण हँडबॅगेतच नेतात.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

काका, नाही. पॉवर बँक केबिनमधे नेतात हे बरोबर, पण त्याला मर्यादा आहे. 100 वॉट-अवरपर्यंत बिनधास्त, 100 ते 160 एअरलाइनच्या परवानगीने, आणि 160 च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही, ना केबिनमधे ना चेक-इनमधे. तुमच्या बॅटरीवर व्होल्ट आणि अ‍ॅम्पियर-अवर लिहिलेलं असेल, त्यांचा गुणाकार करा. 36 व्होल्ट आणि 10 अ‍ॅम्पियर-अवर म्हणजे 360, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. आपल्या बाजारातल्या जवळपास सगळ्या ई-सायकली याच घरात येतात.

लिथियम बॅटरी एकदा पेटली की ती विझवणं फार अवघड, आणि सामानाच्या कप्प्यात ती विझवायला कोणी नसतं, म्हणून हे नियम इतके कडक. लपवून खोक्यात ठेवू असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणार, एक्स-रेत पहिल्याच फटक्यात दिसते.

बॅटरी काढून नुसती सायकल न्यायची म्हटलं तरी मोटरमुळे वीस किलोच्या पुढे जाते, जास्तीच्या वजनाचे पैसे बसतात आणि बॅटरी परत रस्त्यानेच पाठवायची, मग दोन्ही एकत्रच ट्रान्सपोर्टने पाठवा. बॅटरी आहे हे त्यांना सांगून, पॅक करण्याआधी पूर्ण चार्ज न ठेवता.

प्रश्न : पुणे-दिल्ली-लेह असं सायकल घेऊन जायचंय, खारदुंगला (लेहजवळची उंच खिंड) करायचा आहे. सुट्टी मोजकी आहे. दुपारपर्यंत पोचलो की संध्याकाळी सायकल जोडून एक छोटी राइड मारली तर चालेल का?
— वय 26, पिंपरी

मित्रा, सायकल जोड हवं तर, राइड मारू नकोस. लेहचा एअरपोर्ट 3,256 मीटरवर आहे, हवा विरळ, आणि तू सकाळी पुण्यात साडेपाचशे मीटरवर होतास. मनालीहून सायकलने येणारा माणूस आठवडाभर चढत चढत येतो, तुझं शरीर काही तासांत तिथे टाकलं जातं. पहिले दोन दिवस पाणी पी, झोप, बाजारात हळूहळू चाल. तिसऱ्या दिवशी गावातल्या गावात चालव. तू किती फिट आहेस याचा याच्याशी संबंध नाही, तरुण आणि फिट पोरंच डोकं दुखतंय तरी दम काढतात आणि मग हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून पडतात. खारदुंगला पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आधी काढू नकोस. (वर पाटीवर बरीच वर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, मोजमापं सांगतात 17,582 फूट, म्हणजे 5,359 मीटर. आठशे फुटांचं पुण्य फुकट मिळायचं.)

सायकलबद्दल म्हणशील तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर काढ. वेगवेगळी तिकिटं काढलीस तर दिल्लीत खोका घेऊन बाहेर यायचं, कदाचित टर्मिनल बदलायचं आणि परत चेक-इनच्या रांगेत, आणि लेहच्या फ्लाइट बहुतेक सकाळीच असतात, एक चुकली की दिवस गेला.

आणि खरी गंमत येताना आहे. तिथली हवा विरळ, इंजिनाला जोर कमी मिळतो आणि पंखांनाही उचल कमी, ऊन वाढलं की अजूनच कमी, म्हणून लेहहून उडताना विमानात किती वजन घ्यायचं यावर बंधन असतं. सामान जास्त झालं तर काही नग मागे ठेवून पुढच्या फ्लाइटने पाठवतात, आणि त्यात सगळ्यात मोठा बोजड नग कोणता दिसतो ते तूच ओळख. तेव्हा परतीनंतर एक दिवस मोकळा ठेव आणि खोक्यावर दोन बाजूंना नाव, फोन नंबर, पुण्याचा पत्ता जाड मार्करने लिही.

प्रश्न : मुलाची सायकल विमानातून आली तर मागच्या चाकाचा रिम वाकलेला आणि फ्रेमला खड्डा. घरी येऊन खोका उघडला तेव्हा कळलं. एअरलाइनवाले म्हणतात तुम्ही चेक-इनला टॅगवर सही केली आहे, आम्ही जबाबदार नाही. आता काय?
— एक आई, नाशिक

ताई, देशातल्या देशात आली की परदेशातून, ते तुम्ही लिहिलं नाही, दोन्ही सांगतो. ती सही असते लिमिटेड रिलीज टॅगवर, म्हणजे नाजूक वस्तू आहे, पॅकिंग अपुरं असू शकतं, हे मान्य करून देताय. सायकलला तो टॅग लावतातच, सही नाही केली तर घेतच नाहीत. पण त्या सहीने सगळंच माफ होतं असं नाही, खोका बाहेरून फाटलेला, चेपलेला असेल तर वाद घालायला जागा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तर मॉन्ट्रियल करार (विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा) लागू होतो, भारत त्यात 2009 पासून आहे, आणि त्यात नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत करायची मुदत आहे. देशांतर्गत असलात तरी तेवढ्यातच करा. आजच ईमेल टाका, बोर्डिंग पास, टॅगची पावती, खोक्याचे बाहेरून फोटो, सायकलचे फोटो, बिल, आणि दुरुस्तीचं दुकानदाराचं लेखी कोटेशन जोडून. खोका फेकून दिला नसेलच, नका देऊ.

पूर्ण किंमत मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका, भरपाईला वरची मर्यादा असते आणि महागड्या कार्बनच्या फ्रेमपुढे ती फारच तोकडी पडते. लाखाच्या वरची सायकल असेल तर वेगळा विमा काढलेला बरा, घेताना विमान प्रवासातलं नुकसान धरलंय का ते विचारून.

बाकी वाचकांनी हे लक्षात ठेवा, एअरपोर्टच्या बाहेर पडण्याआधी, तिथेच खोका उघडून बघायचा. काही दिसलं तर बॅगेज काउंटरवर पीआयआर नावाचा, सामानाच्या नुकसानीच्या नोंदीचा फॉर्म भरून त्याचा नंबर घ्यायचा. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न मारतोय म्हणून घाई करू नका, एकदा दारातून बाहेर पडलात की "घरी नेताना पडली असेल" हे ऐकायला लागतं.

प्रश्न : 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला जायचं स्वप्न आहे. सायकल इथून न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? येताना कस्टमवाले ड्युटी लावतात का?
— एक ब्रेव्हेवाला, कोल्हापूर

न्या. 90 तासांत 1,200 किलोमीटर अनोळखी सीटवर काढायचे नाहीत. त्या वर्षी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांबच्या राइड) करून तुम्ही पात्र ठरणार त्या ज्या सायकलवर केल्या तीच हवी. आपल्याकडून लोक यापेक्षा मोठ्या मोहिमांना सायकली विमानाने घेऊन गेलेत, नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015 मधे रेस अक्रॉस अमेरिका (अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायची सायकल शर्यत) जोडीने पूर्ण करून आले, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मधे ती एकट्याने पूर्ण केली.

आंतरराष्ट्रीय तिकिटावर वजनाची मर्यादा बहुतेक वेळा जास्त असते, पण एका नगाचं वजन 32 किलोच्या वर गेलं तर घेत नाहीत, तेव्हा सगळं सामान सायकलच्याच बॅगेत कोंबू नका. खोक्याऐवजी घडी होणारी पॅड लावलेली बॅग घ्या, कारण राइड संपेपर्यंत ती हॉटेलवर ठेवायची असते आणि पुठ्ठ्याचा खोका रिकामा समजून कोणी टाकून दिला तर परत येताना पंचाईत. विकत महाग पडते, ब्रेव्हेच्या ग्रुपवर विचारलंत तर भाड्याने किंवा उसनी नक्की मिळेल.

कस्टमचं म्हणाल तर निघतानाच, चेक-इनच्या आधी, एअरपोर्टवर कस्टमच्या काउंटरवरून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. सायकल त्यांना दाखवावी लागते, बिल दाखवावं लागतं, आणि फ्रेम नंबर, जो बहुतेक सायकलींना पेडलांच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो, तो त्यात लिहिला जातो. म्हणून नंबर आधीच फोटो काढून ठेवा आणि बॅगेची ती बाजू पटकन उघडता येईल अशी बांधा. येताना तो कागद दाखवला की सायकल इथूनच नेलेली हे सिद्ध होतं. नसेल तर नवी घेतली असं समजून ड्युटीचा विषय निघू शकतो, आणि चार दिवस झोप न मिळालेल्या माणसाने पहाटे कस्टमवाल्यांशी वाद घालणं काही बरं नाही.

प्रश्न : नागपूरला नातवाच्या वाढदिवसाला जातेय, त्याला 16 इंची सायकल इथूनच घेतली आहे. विमानात घेतील का?
— एक आजी, डोंबिवली

घेतील आजी, पण वर सांगितलेला सगळा खटाटोप छोट्या सायकललाही तेवढाच लागतो आणि पैसे सायकलच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतात. दुकानदाराला सांगून ती न जोडता खोक्यातच ठेवा, नागपूरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत चढवून द्या आणि तिकडे घरच्या कोणाला तरी उतरवून घ्यायला सांगा. साइडचाकं वेगळ्या पिशवीत येतात, ती खोक्यात आहेत ना ते निघण्याआधी बघा.